सयाजीराव: लांब पल्ल्याचा घोडा आणि त्याचा वंश – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्या मंडळींशी वंशावळीचा विषय निघाला की 'सयाजीराव' हे नाव कुठेतरी येतंच, आणि मग प्रश्नांची रांग लागते. बडोद्याच्या गायकवाडांचं नाव मिरवणारा हा घोडा इंग्लंड-आयर्लंडमध्ये धावला. पुढे त्याची मुलं आणि नातवंडं जपानपर्यंत पोचली. त्याच्या दमाबद्दल आणि बाप म्हणून त्याच्या कामगिरीबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, याची मला खंत वाटते. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सयाजीराव नावाचा रेसचा घोडा खरंच होता का?

हो. थरोब्रेड (खास रेससाठी पैदास होणाऱ्या) जातीचा, गडद तपकिरी रंगाचा, १९४४ साली जन्मलेला घोडा. बाप निअर्को, आई रोझी लेजंड. पैदास यॉर्कशायरच्या सर एरिक ओल्सन यांची. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग. १९४७ साली त्याने आयरिश डर्बी आणि डॉनकॅस्टरची सेंट लेजर जिंकली. सेंट लेजर ही इंग्लंडमधल्या पाच क्लासिक (तीन वर्षांच्या घोड्यांच्या सगळ्यात मानाच्या) शर्यतींपैकी सगळ्यात जुनी (१७७६ पासूनची) आणि सगळ्यात लांब.

नाव कुणावरून पडलं?

नाव घराण्यातलं. प्रतापसिंहराव हे महाराज सयाजीराव तिसरे यांचे नातू. सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करणारे, ग्रंथालयं उभारणारे, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे तेच सयाजीराव. त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. प्रतापसिंहराव आणि सीतादेवी यांना १९४५ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव सयाजीरावच ठेवलं. घोडा विकत घेतला तोही १९४५ मध्येच. घराण्यातलं सगळ्यात मोठं नाव एका वर्षाच्या शिंगराला द्यायचं म्हणजे मालकाने त्याच्याकडून केवढी अपेक्षा ठेवली असेल, हे वेगळं सांगायला नको.

एका शिंगरासाठी २८,००० गिनी? एवढे का मोजले?

१९४५ च्या न्यूमार्केट लिलावात ही बोली लागली, आणि वर्षाच्या शिंगराला ब्रिटनमध्ये तोपर्यंत मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा पौंडांत ही रक्कम २९,४०० होते.

कारण सरळ होतं. त्याच वर्षी त्याचा सख्खा मोठा भाऊ डान्टे याने इंग्लंडची डर्बी जिंकली होती. युद्धामुळे ती शर्यत एप्समऐवजी न्यूमार्केटला झाली. गंमत म्हणजे डान्टे स्वतः शिंगरू असताना लिलावात राखीव किमतीपर्यंतही पोचला नव्हता, म्हणून ओल्सन यांनी तो स्वतःकडेच ठेवला आणि त्याच घोड्याने त्यांना डर्बी मिळवून दिली. साहजिकच त्याच आई-बापाचं पुढचं शिंगरू बाजारात आलं तेव्हा बोली चढतच गेली.

सख्खा भाऊ जिंकला म्हणून धाकट्यावर पैसे लावणं हा घोड्यांच्या धंद्यातला जुना मोह आहे, आणि बहुतेक वेळा तो फसतो. सख्ख्या भावांच्या अंगी गुण सारखे येतीलच असं नाही. सयाजीरावच्या बाबतीत पैसे वाया गेले नाहीत; मात्र त्याच्यात सापडलेला गुण डान्टेपेक्षा वेगळा निघाला. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

घोड्याचा 'दम' म्हणजे नेमकं काय?

रेसकोर्सवर आपण म्हणतो, 'वेग आहे, पण दम नाही.' शरीराच्या भाषेत त्यामागे तीन-चार गोष्टी असतात.

पहिली गोष्ट हृदय. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला ३० ते ४० पडते आणि भरधाव धावताना २२० च्या वर जाते. एवढा चढ माणसाच्या हृदयाला झेपत नाही. दुसरी प्लीहा. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. धावायला लागला की प्लीहा आकुंचन पावते आणि तो साठा रक्तात उतरतो. रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण साठ टक्क्यांच्याही वर जातं, आणि प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्या प्रमाणात वाढते. तिसरा श्वास. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, आणि चौखूर धावताना प्रत्येक ढांगेला एकच श्वास असतो. म्हणून ज्याची ढांग लांब आणि संथ लयीची, त्याला श्वासही खोल मिळतो. चौथी गोष्ट स्नायूंची घडण. झटक्यात जोर लावणारे तंतू जास्त असतील तर घोडा हजार-बाराशे मीटरवर चमकतो. प्राणवायूवर बराच वेळ काम करू शकणारे तंतू जास्त असतील तर तो दोन-तीन हजार मीटर टिकतो.

एवढं सगळं असूनही स्वभाव आडवा आला तर काही उपयोग नाही. सुरुवातीलाच लगाम तोडायला निघालेला घोडा कितीही मोठ्या हृदयाचा असला तरी शेवटच्या फर्लांगला (साधारण दोनशे मीटरला) रिकामा होतो. लांब पल्ल्याच्या घोड्याला जॉकीच्या हाताखाली शांत राहता आलं पाहिजे, आणि मला तर हा गुण बाकी सगळ्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

एखादं जनुक दम ठरवतं का?

एक जनुक मोठा वाटा उचलतं. स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिनच्या जनुकात थरोब्रेडमध्ये दोन प्रकार दिसतात, त्यांना 'सी' आणि 'टी' म्हणतात. डब्लिनच्या विद्यापीठातल्या एमेलिन हिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे प्रसिद्ध केलं. दोन्ही बाजूंनी 'सी' मिळालेले घोडे साधारणपणे कमी अंतराचे, दोन्ही बाजूंनी 'टी' मिळालेले लांब अंतराचे, आणि एक-एक मिळालेले मधल्या पल्ल्याचे.

पण ही चाचणी सांगते ती अंतराची आवड. घोडा चांगला आहे की सुमार, हे ती सांगत नाही. लांब पल्ल्यावर हळू धावणारे घोडे हवे तेवढे मिळतात.

सयाजीरावचा दम कुठून आला?

बापाकडे बघू. निअर्को इटलीतला, फेदेरिको तेसिओ यांच्या पैदाशीचा. चौदा शर्यती धावला, चौदाही जिंकला. शेवटची १९३८ ची ग्रां प्री द पारी, ३००० मीटरची. लगेच साठ हजार पौंडांना विकला जाऊन तो न्यूमार्केटला आला. युद्धात बॉम्ब पडायला लागले तेव्हा त्याच्यासाठी स्वतंत्र निवारा बांधला होता.

निअर्कोचा बाप फारॉस मात्र लांब पल्ल्याचा मानला जात नव्हता. १९२३ च्या डर्बीत तो दुसरा आला, पण त्याचा खरा पल्ला दोन हजार मीटरच्या आसपासचा. त्याचा सख्खा भाऊ फेअरवे मात्र १९२८ ची सेंट लेजर जिंकून गेला, आणि पुढे सव्वादोन मैलांची जॉकी क्लब कपही. तेसिओंना त्यांची घोडी नोगारा पैदाशीसाठी फेअरवेकडेच पाठवायची होती. त्याचं सगळं बुकिंग भरलेलं होतं म्हणून ती फारॉसकडे गेली, आणि निअर्को जन्मला. घोड्यांच्या इतिहासातली ही माझी सगळ्यात आवडती घटना. एका स्टडच्या (पैदास केंद्राच्या) वहीत जागा नव्हती, आणि त्यातून आजच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या घोड्याचा पूर्वज जन्माला आला.

आता आईची बाजू. रोझी लेजंडचा बाप डार्क लेजंड, आणि त्याचा बाप डार्क रोनाल्ड. डार्क रोनाल्ड हे दमाचं नाव. त्याचाच दुसरा मुलगा सन-इन-लॉ लांब पल्ल्याचे घोडे देण्यात इंग्लंडमध्ये अनेक वर्षं अग्रेसर होता, आणि स्वतः डार्क रोनाल्डने पुढे जर्मनीतली पैदास घडवली. म्हणजे निअर्कोकडून दर्जा आणि वेग, आईच्या बापाकडून टिकाव, असा मेळ जमला. डान्टेलाही तोच मेळ मिळाला होता, पण वाटणी वेगळी झाली.

१९४७ चा हंगाम त्याच्यासाठी कसा गेला?

हा हंगाम दम म्हणजे काय ते समजून घेण्यासाठी एखाद्या पाठ्यपुस्तकासारखा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

वसंतात न्यूमार्केटला एका मैलाची टू थाउजंड गिनीज झाली. ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने ती आठ लेंग्थने (म्हणजे घोड्याच्या आठ लांबींनी) जिंकली. बघणाऱ्यांना वाटलं, या शतकातला सर्वोत्तम घोडा हाच. सयाजीराव तिसरा आला. मग सयाजीराव लिंगफिल्डची डर्बी ट्रायल जिंकला आणि एप्समला गेला.

डर्बी दीड मैलांची. ट्यूडर मिन्स्ट्रेलवर लोकांनी डोळे मिटून पैसे लावले होते. तो लढला, पण दीड मैल त्याच्या अंगात नव्हता, चौथा आला. सट्ट्यात चाळीसास एक भावाचा पर्ल डायव्हर जिंकला, आगाखानांचा मिगोली दुसरा, सयाजीराव तिसरा. मैलावर ज्याच्या आठ लेंग्थहून मागे राहिला होता, त्याच्या पुढे तो अर्धा मैल वाढताच निघाला. दोन्ही शर्यतींत तो तिसराच होता, पण दोन तिसऱ्या क्रमांकांचा अर्थ एक नव्हता.

त्यानंतर आयर्लंडमधल्या करॅगला आयरिश डर्बी, तीही दीड मैलांची. ती त्याने जिंकली.

सप्टेंबरात डॉनकॅस्टर. पावणेदोन मैलांहून थोडं जास्त, साधारण २९०० मीटर, आणि शेवटची सरळ वाट लांबलचक. तिथे लपायला जागा नसते. फ्रान्सहून मार्सेल बुसाक यांचा आर्बार आला होता, अस्सल लांब पल्ल्याचा घोडा. शेवटी दोघेच उरले, आणि सयाजीरावने त्याला केवळ डोक्याच्या अंतराने हरवलं. मिगोली तिसरा. पुढच्या वर्षी आर्बारने अडीच मैलांची अॅस्कट गोल्ड कप जिंकली आणि मिगोलीने पॅरिसची आर्क द ट्रिओम्फ. सेंट लेजरमध्ये सयाजीरावने कुणाला मागे टाकलं, हे वर्षभरातच सगळ्यांना कळलं.

१९४८ मध्ये त्याने अॅस्कटची हार्डविक स्टेक्सही जिंकली.

त्याच्यावर कोण बसायचं?

सेंट लेजरला एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. मुंबईकरांना हे नाव आणखी एका कारणासाठी माहीत असायला हवं: १९४३ मध्ये मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली, ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली, आणि तिच्यावर हाच ब्रिट होता. मालक पुन्हा बडोद्याचे महाराज.

म्हणजे महाराजांचं रेसिंग मुंबईतून इंग्लंडला गेलं?

एका अर्थी हो. युद्ध संपता संपता प्रतापसिंहरावांनी न्यूमार्केटचं वॉरन प्लेस घेतलं आणि मिडलहॅमहून सॅम आर्मस्ट्राँग यांना तिथे आणलं. त्याच पागेतून १९४८ मध्ये माय बाबूने टू थाउजंड गिनीज जिंकली. वॉरन प्लेस पुढे नोएल मर्लेस आणि त्यांच्यानंतर हेन्री सेसिल यांच्यामुळे जगप्रसिद्ध झालं. आयर्लंडमध्ये किल्डेअर परगण्यात न्यूब्रिजजवळ आजही 'बरोडा स्टड' याच नावाने स्टड फार्म आहे.

या खर्चाबद्दल बडोद्यात तेव्हाही नाराजी होती, आणि ती रास्तच होती. रयतेचा राजा वर्षातले महिनोन् महिने परदेशात असावा, हे सयाजीरावांच्या राज्यात वाढलेल्या लोकांना कसं पटावं? १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांचं महाराजपद काढून घेतलं. घोड्याचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवू नये, असं मला वाटतं.

बाप म्हणून त्याची कामगिरी कशी?

दम देणारा बाप म्हणून उत्तम. पिल्लांना तो जे देत होता ते साफ दिसत होतं: उशिरा पिकणं, अंतर वाढेल तसं सुधारणं, आणि शेवटच्या दोन फर्लांगला न सुटणं.

सगळ्यात मोठं नाव ग्लॅडनेस. १९५३ साली जन्मलेली ही घोडी आयर्लंडच्या व्हिन्सेंट ओब्रायन यांच्या पागेत होती. १९५८ हे तिचं वर्ष. अॅस्कट गोल्ड कप जिंकली, गुडवुड कप जिंकली, आणि मग यॉर्कच्या एबॉर हँडिकॅपमध्ये नऊ स्टोन सात पौंड (साधारण साठ किलो) वजन पाठीवर घेऊन सहा लेंग्थने जिंकली. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणलं जातं. एवढ्या वजनानिशी, भरलेल्या मैदानात एका घोडीने सहा लेंग्थ पुढे राहणं म्हणजे हँडिकॅप ठरवणाऱ्याचा सगळा हिशेबच उलटवणं. त्या वर्षी तिच्यावर लेस्टर पिगट होता, आणि ओब्रायन-पिगट या पुढे गाजलेल्या जोडीची सुरुवात ग्लॅडनेसपासूनच झाली. १९५९ मध्ये अॅस्कटच्या किंग जॉर्जमध्ये ती अल्साइडच्या मागे दुसरी आली. ती शर्यत दीड मैलांची, म्हणजे तिच्या मानाने आखूडच.

करॅगला तिच्या नावाने ग्लॅडनेस स्टेक्स होते. शर्यत सात फर्लांगांची! अडीच मैल जिंकणाऱ्या घोडीच्या नावाने सात फर्लांगांची शर्यत ठेवणं मला आजही खटकतं.

दुसरी लिंक्रिस. १९६० मध्ये तिने आयरिश ओक्स, यॉर्कशायर ओक्स आणि आयरिश सेंट लेजर जिंकल्या. तिसरा आय से: १९६५ च्या डर्बीत सी-बर्ड आणि मेडो कोर्टच्या मागे तिसरा, आणि १९६६ मध्ये एप्समच्या कॉरोनेशन कपचा विजेता. सी-बर्डमागे तिसरा येण्यात कमीपणा नाही. कित्येक जाणकार सी-बर्डला विसाव्या शतकातल्या सर्वोत्तमांत धरतात. सयाजीराव १९६६ मध्येच गेला.

आणि इंडियाना?

इंडियानाला स्वतंत्र उत्तर हवं, कारण दमाचा वारसा किती लांब जातो ते त्याच्यात दिसतं.

१९६४ च्या डर्बीत सांता क्लॉजच्या मागे दुसरा आलेला इंडियाना सप्टेंबरात डॉनकॅस्टरला गेला आणि सेंट लेजर जिंकला. सतरा वर्षांपूर्वी बापाने जिंकलेली तीच शर्यत, तोच मुक्काम. मालक चार्ल्स एंगलहार्ड, जॉकी जिमी लिंडली.

पुढे तो जपानला गेला, स्टॅलियन (पैदाशीचा घोडा) म्हणून. तो तिथे योग्य जागी पडला असं म्हणायला हवं, कारण जपानमध्ये ३००० मीटरची किकुका शो आणि वसंतातली ३२०० मीटरची टेन्नो शो या शर्यतींना तेव्हा फार मोठा मान होता आणि आजही आहे. इंडियानाचा मुलगा टेक होप. १९७३ मध्ये जपानभर हायसेइको नावाच्या घोड्याचं वेड पसरलं होतं. रेस न बघणारी माणसंसुद्धा त्याचं नाव घेत होती. तोक्योच्या डर्बीत तो हरणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. २४०० मीटरवर टेक होप जिंकला, हायसेइको तिसरा. लोकांना तो योगायोग वाटला. मग शरद ऋतूत किकुका शोमध्ये, ३००० मीटरवर, टेक होपने हायसेइकोला केवळ नाकाच्या अंतराने पुन्हा हरवलं. १९७४ मध्ये ३२०० मीटरची वसंत टेन्नो शोही त्याचीच.

निअर्को ३००० मीटरवर जिंकला, सयाजीराव आणि इंडियाना २९०० मीटरवर, टेक होप ३००० आणि ३२०० मीटरवर. चार पिढ्या, तीन देशांतल्या शर्यती. बडोद्याच्या एका महाराजाच्या घोड्याचा नातू जपानमधल्या सगळ्यात लाडक्या घोड्याला हरवतो, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

सख्खा भाऊ डान्टे जास्त यशस्वी बाप नव्हता का?

वेगळ्या प्रकारे यशस्वी होता. डान्टेचा डॅरियस १९५४ ची टू थाउजंड गिनीज जिंकला, म्हणजे मैलाची शर्यत. डॅरियसपासून डेरिंग-डू, त्याच्यापासून हाय टॉप (१९७२ ची टू थाउजंड गिनीज), आणि हाय टॉपपासून टॉप व्हिल, जो १९७९ ची फ्रेंच डर्बी जिंकला. डान्टेची ओळ अशी वेगाच्या अंगाने पुढे सरकली, आणि बाजाराला वेगच हवा असल्याने तिला चांगल्या घोड्या मिळत राहिल्या.

एकच आई, एकच बाप. मोठ्याने मैलाचे घोडे दिले, धाकट्याने अडीच मैलांचे. फारॉस आणि फेअरवेच्या वेळी जे घडलं तेच इथे पुन्हा घडलं. वंशावळ कागदावर सारखी असली तरी प्रत्येक शिंगराच्या वाट्याला आई-बापाची निम्मी-निम्मीच जनुकं येतात, आणि कोणती निम्मी येणार ते कुणाच्या हातात नसतं. सख्ख्या भावाच्या नावावर वारेमाप बोली लावण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवावं.

सयाजीरावचं रक्त आज कुठे आहे?

बाप-मुलगा-नातू अशी त्याची सरळ ओळ मोठ्या शर्यतींतून नाहीशी झाली आहे. थरोब्रेडमध्ये बहुसंख्य ओळींचं असंच होतं. नर ओळ म्हणजे वंशावळीच्या कागदावरची फक्त सगळ्यात वरची रेघ. पाच पिढ्यांच्या कागदावर एकूण ६२ नावं असतात. लांब पल्ल्याच्या स्टॅलियनचं देणं बहुतेक वेळा मुलींमधून झिरपत जातं, आणि ते वरच्या रेघेत दिसत नाही.

आई रोझी लेजंडचं रक्त मात्र भावाच्या वाटेने अगदी ठळकपणे समोर आहे. टॉप व्हिलची मुलगी फ्लोरिपेड, तिचा मुलगा माँजू. माँजूच्या मुलांपैकी मोटिव्हेटर, ऑथोराइज्ड, पूर मुआ आणि कॅमलॉट असे चार जण एप्समची डर्बी जिंकले. स्कॉर्पियन (२००५), मास्क्ड मार्व्हल (२०११) आणि लीडिंग लाइट (२०१३) सेंट लेजर जिंकले, आणि लीडिंग लाइटने पुढे अॅस्कट गोल्ड कपही घेतली. डान्टेची वेगवान समजली गेलेली ओळ एका घोडीतून पुढे गेली आणि सयाजीरावच्याच शर्यतीचे तीन विजेते देऊन बसली. रोझी लेजंडचा दम डान्टेच्या आतही कुठेतरी होताच, असं मी यावरून समजतो. याला शास्त्रीय पुरावा म्हणता येणार नाही, पण वंशावळी वाचणाऱ्याला हा अंदाज बांधायचा हक्क आहे.

मग दमाचे स्टॅलियन मागे का पडतात?

पैशामुळे. दोन वर्षांच्या वयात पाच-सहा फर्लांग धावून जिंकणारा घोडा मालकाला लवकर परतावा देतो. सयाजीरावसारख्या बापाची मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी पिकतात. तोवर चारा, ट्रेनर, पशुवैद्य यांचा खर्च चालूच. लिलावातला गिऱ्हाईक तेवढा थांबत नाही. स्टडवाले लिलावासाठी पैदास करतात, त्यामुळे चांगल्या घोड्या वेगाच्या स्टॅलियनकडे जातात, आणि दमाचा स्टॅलियन अडथळ्यांच्या शर्यतींसाठी घोडे पुरवायला लागतो.

पूर्वी एका स्टॅलियनकडे हंगामात चाळीसेक घोड्या येत. आता लोकप्रिय स्टॅलियनकडे शंभरावर येतात. त्यामुळे फॅशनमधला स्टॅलियन अख्ख्या पिढीवर पसरतो आणि फॅशनबाहेरचा काही वर्षांत पुसला जातो. हे मला धोक्याचं वाटतं. डर्बी अजूनही २४०० मीटरचीच आहे आणि ते अंतर टिकणारा घोडा काही पिढ्यांच्या निव्वळ वेगातून आपोआप तयार होत नाही.

कृत्रिम रेतन चालत नाही का?

थरोब्रेडमध्ये नाही. नैसर्गिक संयोगातून जन्मलेल्या शिंगराचीच नोंद स्टड बुकात होते. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते.

इथल्या रेसबुकात वंशावळ बघताना दम कसा ओळखायचा?

वंशावळीवरून निकाल कळत नाही, पण अंतराचा अंदाज येतो. मी पुढील क्रमाने बघतो.

आधी आईची इतर पिल्लं. ती किती मीटरवर जिंकली? बापापेक्षा ही माहिती जास्त उपयोगी पडते, कारण बापाची शेकडो पिल्लं वेगवेगळ्या घोड्यांपासून झालेली असतात आणि आईची मोजकीच असतात. मग आईचा बाप. सयाजीराव आणि डान्टेच्या कागदावर डार्क लेजंडचं नाव याच जागी होतं. तिसऱ्यांदा बाप, आणि त्यातही त्याने स्वतः काय जिंकलं यापेक्षा त्याची पिल्लं कुठे जिंकतात ते.

त्यानंतर घोड्याच्या स्वतःच्या शर्यती. १४०० किंवा १६०० मीटरवर शेवटी अंतर कापत चौथा-पाचवा आलेला घोडा मी वहीत टिपून ठेवतो. तोच घोडा २००० च्या वर गेला की कुठे पोचतो ते बघायचं. १९४७ च्या गिनीजमध्ये सयाजीराव तिसरा आला तेव्हा बहुतेकांनी फक्त ट्यूडर मिन्स्ट्रेलकडे बघितलं होतं.

आपल्याकडे ही पारख करायला सगळ्यात चांगली जागा दोन शर्यतींत आहे: मुंबईची २४०० मीटरची इंडियन डर्बी आणि पुण्याची २८०० मीटरची इंडियन सेंट लेजर. सेंट लेजरला मैदानात कमी घोडे असतात आणि गर्दीही डर्बीएवढी नसते, पण लांब पल्ल्याचा घोडा ओळखायला शिकायचं असेल तर तिकडे जा. शेवटच्या वळणावर पुढच्या घोड्याकडे न बघता, कोणाचा जॉकी अजून शांत बसलाय ते बघा.